पेजस्पेकला नाव द्यायचं, पण ते नाव ठेवायचं कुठे? (इकिविकी)

पानकोंडी (धागाकर्ता)

इथे इकिविकी वापरणारे तीन-चार जण तरी आहेत, म्हणून हा धागा. बाकीच्यांसाठी थोडक्यात: इकिविकी हे जोई हेस यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं, पर्लमध्ये लिहिलेलं विकी इंजिन. पानं साध्या मजकुराच्या फायली म्हणून गिटमध्ये (फायलींच्या बदलांचा इतिहास सांभाळणारी प्रणाली) राहतात. बदल झाला की इंजिन त्यांचं एचटीएमएल बांधून ठेवतं आणि वाचणाऱ्याला ते तयार पान मिळतं. मागे डेटाबेस वगैरे काही धावत नसतं.

"कोणती पानं?" या प्रश्नाचं उत्तर लिहायला त्यात एक छोटी भाषा आहे, पेजस्पेक. (कोड देवनागरीत लिहितोय. कीवर्ड मुळात रोमन आहेत हे धरून वाचा, म्हणजे डोळ्यांची उडी टळेल.)

`इनलाइन पेजेस="रोजनिशी/* अँड !*/चर्चा"`

म्हणजे रोजनिशीखालची सगळी पानं, चर्चेची सोडून, इथे एकत्र दाखव. (इनलाइन हे डायरेक्टिव्ह, म्हणजे पानात लिहायची सूचना.) यातला स्टार स्लॅशला जुमानत नाही. त्यामुळे रोजनिशी/सहल/चर्चा हे पानही पहिल्या तुकड्यात बसतं आणि ती नकाराची शेपटी दर वेळी लावावीच लागते. माझी शेपटी वाढत वाढत अशी झाली आहे:

`अँड !*/चर्चा अँड !टॅग्ड(कच्चं) अँड !*.पीएनजी अँड !*.जेपीजी अँड !साचे/*`

ही मुखपृष्ठावर आहे, फीडमध्ये आहे, मॅपमध्ये आहे, पेजकाउंटमध्ये आहे, दोन पानांवरच्या इफ-अटीत आहे, शिवाय सेटअप फायलीतही (अख्ख्या विकीच्या सेटिंगची फाइल) आहे. मध्यंतरी ठरलं की पीडीएफसुद्धा वगळायच्या. सगळीकडे बदललं, एक जागा राहिली. नेमकी फीडची. इनलाइनमध्ये पानाऐवजी फाइल सापडली तर इकिविकी ती फीडला जोडपत्र म्हणून लावतं (पॉडकास्टवाल्यांची सोय), त्यामुळे आठवडाभर वाचकांना फीडमधून पीडीएफ जात होत्या आणि मला पत्ता नाही.

मला हवंय ते साधं आहे. एका जागी "वाचनीय" म्हणजे काय ते लिहायचं आणि सगळीकडे `रोजनिशी/* अँड वाचनीय()` म्हणायचं.

इंजिनाचं पोट उघडून पाहिलं तर अवघड वाटलं नाही. पेजस्पेकमध्ये `अमुक(तमुक)` असा शब्द आला की ते मॅच_अमुक नावाचं सबरूटीन (पर्लमधलं फंक्शन) शोधतं. लिंक(), टॅग्ड(), क्रिएटेड_बिफोर() सगळे असेच आलेत. प्लगइनने त्या नावाचं सबरूटीन लिहिलं की भाषेत नवा शब्द आला. मग सेटअपमधल्या नाव-व्याख्येच्या प्रत्येक जोडीसाठी असं एक सबरूटीन तयार करायचं? की त्याहून सोपं, पेजस्पेक वाचतानाच नावाच्या जागी व्याख्येचा मजकूर चिकटवायचा? कुणी केलंय का हे?

मधलीसुट्टी

टेम्प्लेट वापरा ना. अख्खं इनलाइन साच्यात टाकायचं आणि पानावर फक्त साचा बोलवायचा. मी तेच करते.

पानकोंडी

करतो मीही. पण साचा पानावरच्या डायरेक्टिव्हपुरता. सेटअपमधल्या कमेंट्स_पेजस्पेकला (कोणत्या पानांवर टिपण्या चालतील ते ठरवणारी सेटिंग) साचा कसा लावणार? आणि मला अख्खं वाक्य नको आहे, वाक्यातलं एक नाम हवं आहे.

आडवाउभा

नवं काही न लिहिता अर्धं काम होतं. "यादी" नावाचं पान करा, त्यावर हव्या त्या पानांचे दुवे टाका आणि पेजस्पेकमध्ये `बॅकलिंक(यादी)` लिहा. यादी ज्या पानांकडे बोट दाखवते ती सगळी पानं जुळतात. नावाला नाव, आणि कुणीही विकीवरूनच बदलू शकतो.

पानकोंडी

ही युक्ती सुचली नव्हती, निवडक लेखांसाठी आजच वापरतो. पण ही यादी झाली, नियम नाही. उद्या कुणी नवं पान लिहिलं तर ते आपोआप "वाचनीय" ठरायला हवं. कुणीतरी यादीत घालेपर्यंत थांबायला नको.

उलटा_कंस

मजकूर चिकटवण्याच्या वाटेला जाऊ नका. उदाहरणच देतो.

`चित्रं = *.पीएनजी ऑर *.जेपीजी`

आणि कुणीतरी लिहिलं `गॅलरी/* अँड !चित्रं`. मजकूर चिकटवला की होतं:

`गॅलरी/* अँड !*.पीएनजी ऑर *.जेपीजी`

पेजस्पेकचं शेवटी पर्लचं वाक्य होतं. अँड-ऑरच्या जागी पर्लची एकेरी & आणि | ही चिन्हं येतात आणि त्यांचा मानपान पर्लसारखाच असतो: आधी नकार, मग अँड, मग ऑर. म्हणजे वरच्या ओळीचा अर्थ "गॅलरीतलं पीएनजी नसलेलं सगळं, किंवा अख्ख्या विकीतली कुठलीही जेपीजी". चित्रं काढायला गेलात आणि दुनियेची चित्रं घरात आली. सी भाषेत डिफाइनने (तेही नुसता मजकूर चिकटवतं) ज्यांचे हात पोळलेत त्यांना हे नवं नाही.

तुम्ही म्हणाल, चिकटवताना कंस घालू. घाला. पण दुसरा खड्डा आहे. पेजस्पेकचं पर्लमध्ये भाषांतर करणारं सबरूटीन मेमोइझ केलेलं आहे. तोच मजकूर दुसऱ्यांदा आला की भाषांतर पुन्हा होत नाही, आधीचंच हातात मिळतं. तुम्ही चिकटवाचिकटवी त्या भाषांतराच्या आत केलीत आणि त्याच फेरीत व्याख्या नंतर बदलली, तर जुनीच व्याख्या चालत राहील. सापडायला महाकठीण, कारण पुढच्या फेरीत ती चूक गायब झालेली असते.

मर्क्युरियलने (गिटसारखीच प्रणाली) हे नीट केलंय. त्याच्या एचजीआरसी या सेटिंगच्या फायलीत रेव्हसेटएलियस नावाचा विभाग असतो, तिथे कमिट (नोंदवलेले बदल) निवडणाऱ्या वाक्यांना नावं देता येतात, अगदी नावाला पॅरामीटरसुद्धा. पण उलगडा होतो तो वाक्याचं झाड (कोणता भाग कुणाच्या पोटात याची मांडणी) तयार झाल्यावर, मजकुरावर नाही. त्यामुळे कंसांचा प्रश्नच येत नाही. नाव स्वतःलाच बोलवत असेल तर तेही पकडून सांगतं.

तुमच्याकडे झाड हाताशी नाही, पण सबरूटीन आहे, तेच कंसाचं काम करतं. तोच रस्ता धरा.

पानकोंडी

पटलं. सबरूटीनच लिहिलं. पोटात एकच ओळ: पान, व्याख्या आणि आलेले बाकीचे पॅरामीटर जसेच्या तसे पेजस्पेक_मॅचला (पान पेजस्पेकमध्ये बसतं का ते तपासणारं इंजिनाचं सबरूटीन) द्यायचे. वाचनीय() चालू झालं! नऊ जागच्या शेपट्या कापल्या.

गाठनिरगाठ

अभिनंदन. आता थोडं पाणी ओततो.

तुमची व्याख्या सेटअप फायलीत आहे तोवर ठीक आहे, कारण सेटअप बदलला की तुम्ही सगळी विकी नव्याने बांधता. पण कुणीतरी लवकरच म्हणेल, व्याख्या विकीच्या पानावर ठेवू. त्याआधी हे वाचा.

इकिविकी दर बदलाला सगळं बांधत नाही. प्रत्येक पानापाशी "मी कशाकशावर अवलंबून आहे" अशी पेजस्पेकांची नोंद त्याच्या इंडेक्समध्ये असते. एखादं पान बदललं की इंजिन विचारतं, हे बदललेलं पान कुणाच्या पेजस्पेकमध्ये बसतं? ज्यांच्यात बसतं तेवढी पानं पुन्हा बांधायची. तुमच्या मुखपृष्ठाच्या नोंदीत लिहिलं जाईल `रोजनिशी/* अँड वाचनीय()`. उद्या तुम्ही "व्याख्या" या पानावर वाचनीयचा अर्थ बदललात. बदललेलं पान कोणतं? व्याख्या. ते रोजनिशीत बसतं का? नाही. मुखपृष्ठ ढिम्म हलणार नाही. आणि कधीतरी तीन दिवसांनी कुणी रोजनिशीत नोंद टाकली की अचानक नवी व्याख्या लागू होईल, तेव्हा कुणाला काही आठवणार नाही.

उपाय इंजिनातच आहे. मॅच_ सबरूटीन नुसतं हो-नाही देत नाही, एक कारण-वस्तू परत करतं: सक्सेसरीझन किंवा फेलरीझन. तिच्यात "हे उत्तर कुणामुळे बदलू शकतं" अशी प्रभावांची यादी घालता येते. क्रिएटेड_बिफोर(पान) तेच करतं, ज्या पानाशी तुलना केली ते पान प्रभाव म्हणून नोंदवतं. तुमच्या सबरूटीननेही व्याख्येचं पान मजकुराचा प्रभाव (त्या पानाचा मजकूर बदलला तर उत्तर बदलू शकतं) म्हणून नोंदवायला हवं. आणि "हो" म्हणतानाच नाही, "नाही" म्हणतानासुद्धा. हे सगळे विसरतात. आज न बसणारं पान उद्या व्याख्या बदलल्यावर बसणार असतं, त्या नकारालाच तर प्रभावाची जास्त गरज.

वर उलटा_कंस यांनी एकेरी & आणि | चा उल्लेख केला, ती तिथे याचसाठी आहेत. पर्लचं दुहेरी && डावी बाजू खोटी निघाली की उजवीकडे बघतच नाही, मग उजवीकडचे प्रभाव हरवतात. एकेरी चिन्हं दोन्ही बाजू तपासतात आणि प्रभाव एकत्र करतात. किंमत म्हणून काम वाढतं. सहा तुकड्यांची व्याख्या असेल तर प्रत्येक पानासाठी सहाही तपासले जातात. काही हजार पानांच्या विकीत नावात नाव, त्यात आणखी नाव असं करताना हे ध्यानात ठेवा.

शून्यवेळ

"कुणीतरी लवकरच म्हणेल", तो मीच. :)

आमच्या विकीत सेटअप फाइल एकाच्या हातात आहे. विकीत लिहिणारे पंधरा. "वाचनीय म्हणजे काय" हा संपादनाचा निर्णय आहे, सर्व्हरचा नाही. तो बदलायला त्या एकाला निरोप धाडायचा, मग त्याने वेळ काढून सगळी विकी बांधायची, हे काय?

शिवाय हे नवीन नाही. सिमँटिक मीडियाविकीत (पानांवर क्वेरी चालवू देणारी मीडियाविकीची जोड) "कन्सेप्ट" नावाचा नेमस्पेसच, म्हणजे पानांचा वेगळा विभागच, आहे. तिथल्या पानावर क्वेरी लिहायची, पानाचं नाव हेच त्या क्वेरीचं नाव, आणि इतर क्वेऱ्यांत ते नाव एखाद्या वर्गासारखं वापरायचं. व्याख्या विकीत, इतिहास विकीत, वाद चर्चापानावर. इकिविकीत तरी शॉर्टकट कुठे राहतात? शॉर्टकट्स नावाच्या पानावरच ना?

गाठनिरगाठ

शॉर्टकटचं उदाहरण चांगलं आहे, पण त्याचा कोड बघा. इतर पानं बांधायच्या आधी शॉर्टकट माहीत असायला हवेत म्हणून ते प्लगइन चेककॉन्फिग हुकमध्येच (सेटअप तपासण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावर) ते एक पान आधी वाचून घेतं. तुम्हालाही तसंच करावं लागेल, नाहीतर अ पासून सुरू होणाऱ्या पानांना व्याख्या अजून ठाऊक नाही आणि ज्ञ पर्यंत पोचेस्तोवर ठाऊक झाली, असा गोंधळ होईल.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. पेजस्पेक फक्त याद्यांसाठी नसतं. सेटअपमध्ये बघा: लॉक्ड_पेजेस, अनॉनओके_पेजस्पेक, मॉडरेट_पेजस्पेक, अलाउड_अटॅचमेंट्स. कोणतं पान कुलूपबंद, निनावी माणसाने कुठे लिहायचं, कोणत्या टिपण्या तपासून सोडायच्या, काय अपलोड करू द्यायचं, सगळं पेजस्पेक. एखाद्याने सेटअपमध्ये `लॉक्ड_पेजेस: महत्त्वाची()` असं लिहिलं आणि "महत्त्वाची" ची व्याख्या विकीच्या पानावर आहे. ज्याला ते पान संपादता येतं त्याने व्याख्या रिकामी केली की सगळी कुलपं उघडली. कुलपाची किल्ली पायपुसण्याखाली.

शून्यवेळ

मग व्याख्येचं पानही कुलूपबंद करा.

गाठनिरगाठ

कुलूपबंद कशाने? लॉक्ड_पेजेसने. त्यात `महत्त्वाची()` असेल तर व्याख्येचं पान कुलूपबंद आहे की नाही हे ठरवणार खुद्द तेच पान. :) आणि तो दोष बाजूला ठेवून ते पान पक्कं बंद केलंत, तर मग पंधरा जणांना बदलता यावी म्हणून पानावर ठेवली होतीत ना?

उलटा_कंस

गिटने हाच प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये (कोणत्या फायली कशा हाताळायच्या ते सांगणारी फाइल) मॅक्रो, म्हणजे अनेक सूचनांना मिळून एक नाव, करता येतात. "बायनरी" हा तयार मॅक्रोच आहे, तो लावला की डिफ, मर्ज आणि टेक्स्ट तिन्ही एकदम बंद होतात. पण नवा मॅक्रो फक्त सर्वांत वरच्या गिटअॅट्रिब्यूट्स फायलीत, रेपोच्या इन्फो फोल्डरात किंवा मशीनच्या सेटिंगमध्ये करता येतो. उपफोल्डरातल्या फायलीत वापरा हवा तितका, व्याख्या करायची नाही.

मला तीच विभागणी आवडते. नाव कुठेही वापरा, पण जन्माची जागा ठरलेली.

मधलीसुट्टी

जरा अवांतर. हे नाव देवनागरीत चालेल का? वाचनीय() असंच? की रोमनमध्येच लिहावं लागेल? पायथॉनमध्ये एकदा "किंमत" शोधायला गेले तर वेलांटीपाशी शब्द तुटत होता.

उलटा_कंस

अवांतर कसलं, मराठी विकीवाल्यांसाठी हाच पहिला प्रश्न. पायथॉनचं नेहमीचं रे मोड्यूल (मजकुरात नमुने शोधणारं) "शब्दातलं अक्षर" (\w हे चिन्ह) म्हणताना काना-मात्रा-वेलांटी-हलन्त धरत नाही, ती युनिकोडच्या हिशेबात "जोडचिन्हं" आहेत. म्हणून कि च्या जागी शब्द तुटतो. पर्ल मात्र जोडचिन्हंही शब्दात धरतं, मजकूर युटीएफ-८ मधून नीट डीकोड केलेला असला की झालं. जावास्क्रिप्टच्या त्याच चिन्हाला तर अख्खी देवनागरीच परकी. पेजस्पेक फंक्शनचं नाव ओळखायला पर्लचं तेच चिन्ह वापरतं, म्हणून जोडाक्षरवालं नावही अख्खं ओळखलं जाईल. धागाकर्त्यांचं चाललंय म्हणतात, तेव्हा पुरावा समोर आहेच.

पानकोंडी

हो, देवनागरीतच आहे. फक्त माझं प्लगइन व्याख्या वाचताना डीकोड करायला विसरलं होतं, तेव्हा अर्धा तास "अनोळखी फंक्शन" म्हणून ओरडत होतं.

बरं, एक गंमत सांगतो. पेजस्पेकमध्ये `./*` लिहिलं की ते चालू पानाच्या सापेक्ष धरलं जातं. मी "पोटपानं" अशी व्याख्या केली:

`पोटपानं = ./* अँड !./*/* अँड !*/चर्चा`

आणि ज्या पानावर वापरावं त्याची पोटपानं मिळायला लागली! न ठरवता झालं. मी सगळे पॅरामीटर जसेच्या तसे पुढे देतोय, त्यात वापरणाऱ्या पानाचं ठिकाणही जातं.

आडवाउभा

हे गंमत म्हणून ठीक, पण मला धोक्याचं वाटतं. `व्याख्या/लेख` या पानावर बसून मी `./*` लिहिलं तर माझ्या मनात माझ्याखालची पानं आहेत. दुसरा कुणी ते नाव त्याच्या पानावर वापरेल आणि त्याला त्याची पानं मिळतील. शब्द ज्याने उच्चारला त्याचा अर्थ की ज्याने घडवला त्याचा?

उलटा_कंस

कंपायलरवाल्यांचं जुनं भांडण. बहुतेक भाषांनी शेवटी "जिथे घडवला तिथला अर्थ" हेच घेतलं. पण इथे मी उलट बाजूने आहे. घडवलेल्या जागेचा अर्थ हवा असेल तर पूर्ण पत्ता लिहायची सोय आहेच: `व्याख्या/लेख/*`. वापरलेल्या जागेचा अर्थ लिहायला मात्र `./` सोडून दुसरं काही नाही. तो काढून घेतला तर भाषा लंगडी होते.

आडवाउभा

हं. हे पटण्यासारखं आहे, तरी प्लगइनच्या मदतपानावर ठळक लिहा. मी तरी फसलो असतो.

शून्यवेळ

मधला मार्ग काढता येईल का? दोन प्रकारची नावं. सेटअपमधली नावं थेट, जसं वाचनीय(). पानावरची नावं एका ठरलेल्या शब्दातून, जसं `नाव(वाचनीय)`. म्हणजे नुसतं वाचून कळेल की हा अर्थ कुणीही बदलू शकतो. आणि सेटअपमधल्या परवानगीच्या पेजस्पेकांत `नाव(` दिसलं तर इंजिनाने चालूच व्हायचं नाही.

गाठनिरगाठ

यावर माझी हरकत नाही. तपासणी चेककॉन्फिगमध्येच करा. मात्र एक पळवाट बुजवायला हवी: सेटअपमधल्या नावाच्या पोटातही `नाव(` येऊ देऊ नका. नाहीतर लॉक्ड_पेजेसमध्ये साधं सेटअपचं नाव, आणि त्याच्या पोटात पानावरचं.

पानकोंडी

धाग्याचं सार्थक झालं. शून्यवेळ यांच्या पद्धतीनेच लिहिलं. नाव() प्रभाव नोंदवतं, हो ला आणि नाही ला दोन्हीकडे. व्याख्येचं पान बदललं की मुखपृष्ठ आणि फीड आपोआप पुन्हा बांधली जातात, तपासून पाहिलं.

पण काल रात्री एक प्रकार झाला. मी लिहिलं होतं:

`वाचनीय = !*/चर्चा अँड !मसुदे()`
`मसुदे = टॅग्ड(कच्चं) ऑर !वाचनीय()`

दोघं एकमेकांना विचारत बसले. पर्लने "डीप रिकर्शन" अशी एक सूचना दिली, जी मी पाहिली नाही, आणि मेमरी संपेपर्यंत चाललं. आता कोणती नावं सध्या उलगडली जात आहेत याची नोंद ठेवतो, तेच नाव पुन्हा आलं की थांबतो. प्रश्न असा: थांबल्यावर उत्तर काय द्यायचं? मी "नाही" देतोय.

गाठनिरगाठ

"नाही" देऊ नका. पुढे `!` असेल तर तुमच्या नाहीचं हो होतं, वरच्या उदाहरणात नेमकं तेच आहे. आणि "हो" देणंही बरोबर नाही. लॉक्ड_पेजेसमध्ये जुळलं म्हणजे पान बंद, अलाउड_अटॅचमेंट्समध्ये जुळलं म्हणजे फायलीला परवानगी. एकात "हो" सुरक्षित, दुसऱ्यात "नाही". तुमच्या सबरूटीनला आपण कुणाच्या पोटात बसलोय ते कळत नाही, म्हणून त्याला सुरक्षित उत्तर देताच येत नाही. चूक जाहीर करून बांधणी थांबवा.

मधलीसुट्टी

पण पानावरची व्याख्या कुणीतरी चुकवली म्हणून सगळ्यांची विकी थांबायची?

गाठनिरगाठ

सेटअपमधल्या नावांसाठी थांबायची, ती चूक सुरुवातीलाच चेककॉन्फिगमध्ये सापडते. पानावरच्या नावांसाठी, ज्या पानाने ते नाव वापरलं तिथे फक्त तेवढ्या डायरेक्टिव्हच्या जागी चूक दिसू दे. परवानगीच्या जागी ती नावं आता पोचतच नाहीत, तेव्हा नुकसान एका यादीपुरतं.

पानकोंडी

तसंच केलं. चुकीच्या संदेशात नावांची साखळीही छापतो, "वाचनीय, मसुदे, वाचनीय" अशी. फेरा कुठून कुठे गेला ते लगेच दिसतं.

प्लगइन नीट करून दोन दिवसांत इथे टाकतो. मदतपानाचा मसुदाही टाकेन, `./` बद्दलचा परिच्छेद आडवाउभा यांनी एकदा वाचून द्यावा.

आडवाउभा

देतो. मसुद्याला कच्चं टॅग लावायला विसरू नका.